एक्सप्लेनर : नवे विमान, दोन इंजिने आणि कमी पडलेली तालीम, अमेलिया इअरहार्टच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट

अमेलिया इअरहार्टचे विमान सापडले, अशी बातमी दर दोन-तीन वर्षांनी येतेच. जानेवारी २०२४ मध्ये डीप सी व्हिजन या अमेरिकी कंपनीने पॅसिफिक महासागराच्या तळाचे एक सोनार छायाचित्र जाहीर केले. आकार थेट विमानासारखा होता आणि फोटो जगभर फिरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जवळून पाहणी झाली, तेव्हा तो खडक निघाला.

विमान कुठे पडले, या कोड्यात दुसरा एक प्रश्न मागे राहतो. तो असा की, नवेकोरे दोन इंजिनांचे विमान हाती आल्यावर ते शिकायला अमेलियाला वेळ किती मिळाला? जुलै १९३६ मध्ये विमान मिळाले आणि जुलै १९३७ मध्ये ती बेपत्ता झाली. या एका वर्षात जे घडले, त्यातून पायलट होऊ पाहणाऱ्या कोणालाही शिकण्यासारखे बरेच आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या सोनारी, परंडा भागातून पायलट ट्रेनिंगसाठी बारामतीची वाट धरण्याचा विचार करणाऱ्या मुलामुलींनी तर ही गोष्ट जरूर वाचावी.

अमेलिया इअरहार्ट कोण होती?

जन्म २४ जुलै १८९७, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील अ‍ॅचिसन या गावी. वडील रेल्वेचे वकील होते, पण त्यांच्या दारूच्या व्यसनामुळे घराची घडी वारंवार विस्कटली. पहिल्या महायुद्धात अमेलियाने कॅनडातील टोरांटोच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांची सेवा केली.

डिसेंबर १९२० मध्ये कॅलिफोर्नियात ती पहिल्यांदा विमानात बसली. फेरी दहा मिनिटांची आणि भाडे १० डॉलर. त्या दहा मिनिटांत तिचे ठरले. जानेवारी १९२१ पासून नेटा स्नूक या महिला वैमानिकाकडे शिकवणी सुरू झाली. फी भरण्यासाठी अमेलियाने टेलिफोन कंपनीत नोकरी केली आणि इतरही मिळेल ते काम केले. त्याच वर्षी आईच्या मदतीने तिने किनर कंपनीचे छोटे पिवळे विमान घेतले. १९२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यतेचा परवाना मिळाला, तेव्हा असा परवाना मिळवणारी ती अमेरिकेतली सोळावी महिला होती.

जगाला तिचे नाव कळले ते जून १९२८ मध्ये. विमानातून अटलांटिक महासागर ओलांडणारी पहिली महिला म्हणून तिचा गाजावाजा झाला. पण त्या तीन इंजिनांच्या फोकर विमानात ती केवळ प्रवासी होती. विमान विल्मर स्टल्ट्झ चालवत होता आणि लुईस गॉर्डन मेकॅनिक होता. एकापेक्षा जास्त इंजिनांचे विमान चालवण्याचा किंवा ढगात फक्त उपकरणांकडे बघून उडवण्याचा तिला अनुभव नव्हता. आपण सामानासारख्या गेलो, ही बोच तिच्या मनात राहिली.

ती बोच तिने २० आणि २१ मे १९३२ ला काढून टाकली. न्यूफाउंडलँडमधून ती एकटी निघाली आणि सुमारे १५ तासांनी उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरली. वाटेत उंची दाखवणारे यंत्र बंद पडले, पंखांवर बर्फ जमला, इंजिनाच्या धुराड्याचा सांधा तुटून त्यातून ज्वाळा दिसू लागल्या. एकटीने अटलांटिक पार करणारी ती पहिली महिला ठरली.

आपल्याकडे हेच वर्ष जे. आर. डी. टाटा यांच्यामुळे लक्षात राहिले आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले. दोघांच्याही विमानांना एकच इंजिन होते, हा तपशील पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे.

नवे विमान कसे आले?

१९३५ मध्ये अमेलिया पर्ड्यू विद्यापीठात विद्यार्थिनींना करिअरबद्दल मार्गदर्शन करू लागली. मुलींनी इंजिनिअरिंगकडे वळावे, असा तिचा आग्रह असे. या विद्यापीठाशी संलग्न संशोधन प्रतिष्ठानाने देणग्यांतून निधी उभा केला आणि त्यातून लॉकहीड कंपनीचे इलेक्ट्रा १०-ई हे विमान घेण्यात आले. २४ जुलै १९३६ ला, म्हणजे तिच्या ३९ व्या वाढदिवशी, ते तिच्या हाती आले.

तोवर ज्या लॉकहीड व्हेगाने तिला नाव दिले होते, ते विमान आणि इलेक्ट्रा यांत किती फरक होता, हे पाहा.

- व्हेगा लाकडी बांध्याचे, एका इंजिनाचे. इलेक्ट्रा पूर्ण धातूचे, ६०० अश्वशक्तीच्या दोन इंजिनांचे.
- व्हेगाची चाके कायम बाहेर. इलेक्ट्राची चाके उड्डाणानंतर आत घ्यायची आणि उतरण्यापूर्वी न विसरता बाहेर काढायची.
- इलेक्ट्रा मुळात दहा प्रवाशांसाठीचे. अमेलियासाठी आसने काढून तिथे इंधनाच्या टाक्या बसवल्या. एकूण क्षमता सुमारे ४,३०० लिटर झाली.
- प्रवासी इलेक्ट्राचे कमाल वजन साधारण पावणेपाच टन. टाक्या भरल्या की अमेलियाचे विमान सात टनांच्या घरात जाई.

म्हणजे कारखान्याने जेवढ्या वजनासाठी विमान आखले होते, त्याच्या जवळपास दीडपट वजन घेऊन तिला उडायचे होते.

दोन इंजिने असली की सोपे की अवघड?

बहुतेकांना वाटते, एक बंद पडले तर दुसरे आहेच, म्हणजे सोपे. अर्धेच खरे आहे.

बैलगाडी डोळ्यासमोर आणा. जोडीतला उजवा बैल अचानक थांबला आणि डावा ओढतच राहिला, तर गाडी सरळ जात नाही, ती उजवीकडे वळते. दोन इंजिनांच्या विमानात हेच होते. इंजिने दोन्ही पंखांवर, मधल्या रेषेपासून दूर असतात. एक बंद पडले की चालू इंजिन विमानाचे नाक बंद इंजिनाच्या बाजूला फिरवते. हे फिरणे थोपवायचे असते शेपटीवरच्या उभ्या पात्याने, म्हणजे रडरने, आणि त्यासाठी पायाने पेडल जोरात दाबावे लागते.

खरी गोम पुढे आहे. रडरला ताकद मिळते ती त्यावरून वाहणाऱ्या हवेतून. वेग कमी असेल तर हवा कमी आणि रडर दुबळा. त्यामुळे अशा प्रत्येक विमानाला एक किमान वेग ठरलेला असतो. त्याच्या खाली एक इंजिन बंद आणि दुसरे पूर्ण जोरात असेल, तर विमान सावरता येत नाही. उड्डाण करताना वेग कमी आणि इंजिन पूर्ण जोरात, म्हणजे नेमकी तीच धोक्याची वेळ असते. शिवाय एक इंजिन गेले म्हणून वर चढण्याची क्षमता निम्मी होते असे नाही, ती निम्म्याहून कितीतरी जास्त घटते.

हा प्रश्न इलेक्ट्राच्या जन्मापासूनच होता. मिशिगन विद्यापीठातल्या वाऱ्याच्या बोगद्यात तिच्या नमुन्याची चाचणी झाली, तेव्हा केली जॉन्सन या तरुण इंजिनिअरने त्यातला दोष पकडला. एक इंजिन बंद असताना हे विमान दिशा नीट धरत नव्हते. त्याने शेपटीच्या दोन्ही टोकांना उभी पाती लावण्याचा उपाय काढला. इलेक्ट्राची ओळख बनलेली दुहेरी शेपटी ती हीच. पुढे याच जॉन्सनच्या नेतृत्वाखाली एसआर-७१ हे टेहळणी विमान तयार झाले. अमेलियाला इलेक्ट्राचे इंधन कसे वाचवायचे, याचे धडेही त्यानेच दिले.

तिला शिकवले कोणी?

पॉल मँट्झ याने. हॉलिवूडच्या चित्रपटांत विमानांच्या कसरती करणारा हा वैमानिक अमेलियाचा तांत्रिक सल्लागार होता. कसरतपटू असला तरी तयारीच्या बाबतीत तो काटेकोर होता. नव्या विमानाचा सराव, उपकरणांवर उडण्यासाठी जमिनीवरच्या लिंक ट्रेनरमध्ये तासन् तास बसणे, इंजिनांची ताकद आणि इंधनाचा हिशेब, असा त्याचा अभ्यासक्रम होता.

त्याचा एक इशारा ठळक होता. धावपट्टीवर विमान सरळ ठेवण्यासाठी दोन इंजिनांचे थ्रॉटल मागेपुढे करत बसू नकोस, त्यासाठी रडर वापर. एका इंजिनाच्या विमानातून आलेल्या माणसाला दोन थ्रॉटल हाती आले की त्यांनीच विमान वळवण्याचा मोह होतो. पण इंजिनाचा प्रतिसाद क्षणभर उशिरा येतो. तोवर माणूस आणखी थोडे जास्त करतो, मग विमान दुसऱ्या बाजूला जाते आणि तिकडून परत आणताना चूक दुप्पट होते.

शिकवणारा चांगला होता आणि शिकणारी धाडसी होती. कमी होता तो वेळ. विमान मिळून सहा आठवडे होतात न होतात, तोच ४ सप्टेंबर १९३६ ला अमेलिया हेलन रिची या वैमानिकेसोबत बेंडिक्स या देशव्यापी शर्यतीत उतरली. उड्डाण होताच डोक्यावरची झडप उघडली, इंधनाच्या जोडण्यांनी त्रास दिला आणि विमान पाचवे आले. शर्यत जिंकली ती लुईस थेडन आणि ब्लँच नॉइस या दोघींनी, तीही एका इंजिनाच्या विमानातून.

त्यानंतरचे महिने व्याख्यानांचे दौरे, निधी, देशोदेशीच्या परवानग्या आणि प्रसिद्धी यांत गेले. पती जॉर्ज पटनम प्रकाशन व्यवसायातले होते आणि ही बाजू तेच सांभाळत. मोहिमेला पैसा यातूनच येणार होता, त्यामुळे हे टाळता येण्यासारखे नव्हते. पण दिवसाचे तास तेवढेच, आणि काटछाट झाली की ती सरावाच्या तासांत होई.

होनोलुलूत काय झाले?

१७ मार्च १९३७ ला जगप्रदक्षिणा सुरू झाली. विषुववृत्ताच्या जवळून, सुमारे ४७ हजार किलोमीटरचा मार्ग. पहिला टप्पा कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून हवाई बेटांवरच्या होनोलुलूपर्यंत. विमानात अमेलियासोबत मँट्झ, रेडिओ जाणणारा हॅरी मॅनिंग आणि दिशादर्शक फ्रेड नूनन होते. या उड्डाणात थ्रॉटल मँट्झच्या हाती होते. सुमारे १६ तासांत विमान सुखरूप पोहोचले. मँट्झ फक्त इथपर्यंतच येणार होता.

२० मार्चला पहाटे लूक फील्डवरून अमेलियाने विमान दौडवले. टाक्यांत सुमारे ३,४०० लिटर इंधन होते. विमान आधी उजवीकडे ओढले गेले. तिने डाव्या इंजिनाची ताकद कमी केली. आता विमान डावीकडे वळत सुटले, सगळा भार उजव्या चाकावर आला आणि ते मोडले. विमान पोटावर घसरत गेले आणि दोन्ही पंखे जमिनीला लागून वाकले. अमेलियाने तत्काळ सगळे स्विच बंद केले. आग लागली नाही आणि तिघेही सुखरूप राहिले.

या प्रकाराला ग्राउंड लूप म्हणतात. सोनारी परिसरात गळीत हंगामात उसाची ट्रॉली मागे घेणाऱ्या ट्रॅक्टरचालकाला तो लगेच कळेल. ट्रॉली पुढे ओढताना आपोआप सरळ येते. मागे ढकलताना मात्र ती जराशी वाकडी झाली की आणखी वाकडीच होत जाते. त्या काळच्या विमानांना मोठी चाके पुढे आणि छोटे चाक शेपटीखाली असे. वजनाचा केंद्रबिंदू मोठ्या चाकांच्या मागे येई. विमान थोडे वळले की मागचे वजन त्याला आणखी वळवायला बघे. वजन जितके जास्त, तितके ते थोपवणे कठीण.

अपघाताच्या कारणाबद्दल आजही एकमत नाही. अमेलियाला शंका होती ती टायर फुटल्याची किंवा उजव्या चाकाचा आधार बसल्याची. मँट्झच्या मते थ्रॉटलने विमान सावरण्याची सवय भोवली. दोन्ही बाजू लक्षात घ्यायला हव्यात, कारण अमेलियाच्या प्रत्येक चुकीकडे ती बाई असल्यामुळे जास्त बारकाईने पाहिले जात होते. ग्राउंड लूप तेव्हाच्या नामांकित पुरुष वैमानिकांच्या वाट्यालाही येत असत.

मग दुसरा प्रयत्न कसा झाला?

मोडलेले विमान जहाजाने कॅलिफोर्नियाला परत आले. लॉकहीडच्या कारखान्यात दोनेक महिने दुरुस्ती चालली. तोवर हवामान बदलल्याने दिशा उलटी केली आणि पश्चिमेऐवजी पूर्वेकडे जायचे ठरले. हॅरी मॅनिंग रजा संपल्याने मोहिमेतून बाहेर पडला. त्याच्यासोबत मोर्स संकेतांत तरबेज असलेला एकमेव माणूस गेला. अमेलिया किंवा नूनन, दोघांचाही त्यात हात बसलेला नव्हता.

मेच्या उत्तरार्धात विमान कॅलिफोर्नियातून निघाले, तेव्हा मँट्झला आगाऊ कल्पना नव्हती. त्याच्या यादीतली तयारी पुरी व्हायची होती. १ जूनला अमेलिया आणि नूनन यांनी मायामी सोडले.

पुढचा महिना मात्र तिने हे विमान खऱ्या अर्थाने शिकून घेतले. दक्षिण अमेरिका, अटलांटिक, आफ्रिका असे टप्पे ओलांडत तांबड्या समुद्राकाठच्या असाबहून ती १५ जूनला थेट कराचीत उतरली. सुमारे १३ तासांचे हे उड्डाण होते. वर्षभरापूर्वीपर्यंत मुंबई प्रांतात असलेल्या कराचीत विमानाची तपासणी झाली आणि अमेलिया उंटावरही बसली. १७ जूनला ती कलकत्त्याच्या डमडमला पोहोचली.

तिथे गाठ पडली आपल्या मान्सूनशी. रात्रीच्या पावसाने डमडमचे मैदान चिखल झाले होते. पाऊस आणखी वाढण्याआधी निघायचे तर त्याच चिखलातून जड विमान उचलायचे होते. चाके रुतत होती, वेग येत नव्हता, समोर झाडे होती. विमान कसेबसे झाडांवरून गेले. होनोलुलूपेक्षा ही परीक्षा सोपी नव्हती, आणि ती तिने पार केली. पुढे ब्रह्मदेशातल्या अक्याबहून निघाल्यावर पावसाच्या भिंतीपुढे एकदा परत फिरावे लागले. बाद होण्यापेक्षा माघार बरी, हा निर्णयही शिकलेल्या वैमानिकाचाच होता.

शेवटच्या दिवशी काय चुकले?

२ जुलै १९३७, न्यू गिनीतले लाए. गवताची धावपट्टी जेमतेम ९०० मीटर आणि तिच्या टोकाला समुद्र. टाक्यांत चार हजार लिटरहून अधिक इंधन. सकाळी दहाच्या सुमारास इलेक्ट्रा सरळ धावली, टोकाशी उचलली गेली आणि पाण्यावरून खाली उडत दिसेनाशी झाली. सुमारे साडेतीन महिन्यांपूर्वी न जमलेले काम तिने याहून जड विमानाने करून दाखवले.

गाठायचे होते हाउलंड बेट, ४,१०० किलोमीटरवर. बेट जेमतेम दोन किलोमीटर लांब आणि एक किलोमीटरहून कमी रुंद. एवढे बेट डोळ्यांनी शोधणे कठीण, म्हणून इटास्का हे अमेरिकी तटरक्षक जहाज तिथे रेडिओवरून मदत करणार होते. इथे राहिलेला दुसरा धडा आडवा आला.

विमानात दिशा शोधणारे नवे रेडिओ यंत्र होते. लाएच्या चाचणीत त्याने नीट दिशा दाखवली नव्हती. स्टेशन फार जवळ असल्याने तसे होत असावे, असे समजून विषय सोडण्यात आला. लांबच्या लहरींसाठीची लटकती अँटेना विमानावर नव्हती. शेवटच्या तासांत अमेलियाने जहाजाला ज्या फ्रीक्वेन्सीवर संकेत मागितले, त्यावर तिचे यंत्र दिशा सांगूच शकत नव्हते. तिला संकेत ऐकू आले, दिशा मिळाली नाही. जहाजाला तिचा आवाज मोठा आणि स्पष्ट ऐकू येत होता, पण जहाजावरचे बोलणे तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते. उड्डाणानंतर २० तास १३ मिनिटांनी तिचा शेवटचा संदेश नोंदला गेला.

दोनेक आठवडे जहाजे आणि विमाने समुद्र धुंडाळत राहिली. काही सापडले नाही. ५ जानेवारी १९३९ ला तिला कायद्याने मृत घोषित करण्यात आले.

यातून आज काय घ्यायचे?

दोन इंजिनांमुळे अमेलिया गेली, असे म्हणता येत नाही. शेवटच्या उड्डाणात विमान हाताळण्यात ती कमी पडली, याचा कोणताही पुरावा नाही. तरी होनोलुलू आणि हाउलंड यांच्यात एक धागा आहे. नवे विमान म्हणजे फक्त नवी इंजिने नव्हेत. नवे थ्रॉटल, नवी टाकी, नवा रेडिओ, नवी अँटेना, या प्रत्येकाचा वेगळा धडा असतो. होनोलुलूत राहिलेला धडा महाग पडला, पण विमान दुरुस्त झाले आणि तो शिकायला दुसरी संधी मिळाली. रेडिओचा राहिलेला धडा मात्र समुद्रावर, इंधन संपत आले असताना समोर आला. तिथे दुसरी संधी नव्हती.

आजची ट्रेनिंगची पद्धत अशाच अपघातांच्या हिशेबावर उभी आहे. भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. दोन इंजिनांच्या विमानासाठी वेगळी तालीम आणि वेगळी परीक्षा असते. त्यात प्रशिक्षक मुद्दाम एक इंजिन ओढून कमी करतो. विद्यार्थ्याने क्षणात कोणते इंजिन गेले ते ओळखायचे, योग्य पायाने रडर दाबायचा, नाक खाली ठेवून वेग राखायचा. हे पुन:पुन्हा, हात-पाय विचार न करता चालू लागेपर्यंत. शिकाऊ विमानांची चाके आता बहुधा तीन चाकी रिक्षासारखी, एक पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे ग्राउंड लूपचा धोका बराच कमी झाला. धोकादायक प्रसंग सिम्युलेटरमध्ये आधी मरून पाहता येतात.

तरीही फी, ईएमआय, सोशल मीडियावरचे फोटो, लवकर नोकरी लागण्याची घाई, असे सगळे आजही सरावाच्या तासांवरच येऊन आदळते. ट्रेनिंग स्कूल निवडताना विमाने किती नवी आहेत, एवढेच विचारून थांबू नका. त्या विमानावर प्रत्यक्ष किती तास मिळतील, दोन इंजिनांचे तास किती, रेडिओ आणि उपकरणांचा सराव कोण घेणार आणि राहिलेला धडा पुरा झाल्याशिवाय पुढे सोडतात का, हे विचारा. अमेलियाकडे जगातले उत्तम विमान होते आणि शिकवायला उत्तम माणूस होता. तिला आणखी काही महिने मिळाले असते तर काय झाले असते, ते कोणी सांगू शकत नाही. तुमच्याकडे मात्र ते महिने आहेत.